वीतभर मिग-२१

२६ सप्टेंबर २०२५ या दिवशी चंदीगडच्या हवाई तळावर भारतीय वायुसेनेने मिग-२१ या लढाऊ विमानाला समारंभपूर्वक निरोप दिला. १९६३ साली याच चंदीगडला वायुसेनेच्या २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ही विमाने प्रथम दाखल झाली होती. म्हणजे बासष्ट वर्षांची सेवा झाली. निरोपाचा तो सोहळा आम्ही नाशिकला घरी बसून दूरचित्रवाणीवर पाहत होतो. तो संपल्यावर आमच्या बारा वर्षांच्या मुलीने विचारले, "आता हे विमान जवळून कुठे पाहायला मिळेल?"

दिल्लीला पालम येथील वायुसेनेच्या संग्रहालयात ते आहे. देशातील अनेक शहरांत चौकाचौकांतील चौथऱ्यांवरही ते उभे आहे. परंतु चौथऱ्यावरच्या विमानाचे आपल्याला पोट तेवढे दिसते. त्याचा पंख कसा बसवला आहे, वैमानिक नेमका कोठे बसतो, नाकातून आत जाणारी हवा पुढे कोणत्या वाटेने जाते, हे खालून उमगत नाही. म्हणून आम्ही तिच्यासाठी मिग-२१च्या प्लॅस्टिक प्रतिकृतीचा एक संच मागवला. पुढचे दोन महिने रविवारची दुपार त्या संचासाठी राखून ठेवली गेली. त्या उद्योगात जे शिकायला मिळाले ते इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल, या विचाराने हा लेख लिहीत आहोत.

छंदाचा थोडा पूर्वेतिहास

मोजून-मापून केलेल्या विमानप्रतिकृतींचा छंद इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकात मूळ धरू लागला. त्या वेळच्या प्रतिकृती बहुधा लाकडाच्या असत. १:७२ हे प्रमाण तेव्हाच रूढ झाले. त्यामागचा हिशेब अगदी सोपा होता: सहा फुटांत बहात्तर इंच असतात, म्हणून सहा फूट उंचीचा माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. पुढे दुसऱ्या महायुद्धात या छंदाला अनपेक्षित महत्त्व आले. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे केवळ आकारावरून ओळखता यावे यासाठी सैनिकांना प्रतिकृती दाखवून शिकवीत. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांकडून अशा पाच लाख लाकडी प्रतिकृती करवून घेण्याची योजना आखली होती. त्यांचे प्रमाणही १:७२ हेच होते.

प्लॅस्टिकचे संच खऱ्या अर्थाने घरोघर पोचले ते १९५०च्या दशकात. इंग्लंडमधील एअरफिक्स या कंपनीने 'गोल्डन हाइंड' या जहाजाचा स्वस्त संच काढला आणि त्यानंतर स्पिटफायर विमानाचा. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने पोलादी साच्यात भरायचे आणि थंड झाले की बाहेर काढायचे, ही पद्धत तेव्हापासून आजतागायत चालू आहे. मिग-२१चे संच आज १:७२, १:४८ आणि १:३२ अशा तिन्ही प्रमाणांत निरनिराळ्या देशांच्या कंपन्या काढतात. घरातल्या लहान टेबलासाठी आणि बेताच्या खर्चासाठी पहिले प्रमाण सोयीचे.

बहात्तरावा हिस्सा

पहिल्या रविवारी आम्ही खोके उघडलेच नाही. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. मिग-२१च्या पंखांचा विस्तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७.१५ मीटर आहे. त्यास ७२ने भागले की जेमतेम दहा सेंटिमीटर होतात. नाकावरची नळी धरून लांबी सुमारे १५ मीटर. प्रतिकृतीत ती वीस-एकवीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. विमान रुंदीच्या दुप्पट लांब, एखाद्या भाल्यासारखे असते, हे त्या दोन आकड्यांवरूनच मुलीच्या लक्षात आले.

मग तिने वजनाचा प्रश्न काढला. उड्डाणाच्या वेळी या विमानाचे वजन पावणेनऊ टनांच्या आसपास असते. "त्याला ७२ने भागायचे?" नाही. लांबी ७२ पटींनी कमी होते तेव्हा पृष्ठभाग ७२ गुणिले ७२, म्हणजे ५,१८४ पटींनी कमी होतो. घनफळ आणखी एकदा ७२ने, म्हणजे ३,७३,२४८ पटींनी. त्या हिशेबाने पावणेनऊ टनांचे विमान तेवीस ग्रॅमचे होते. शाळेत वर्ग आणि घन हे प्रकरण रुक्ष वाटणाऱ्या मुलांना हे उदाहरण जरूर घालावे.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. प्रतिकृतीत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर खऱ्या विमानात ती ३६ मिलिमीटरांची, जवळजवळ दीड इंचाची होते. रंगाचा एक जाडसर थर दिला तर विमानावर तीन-चार मिलिमीटरांचे कवच चढल्यासारखे दिसते. म्हणून या छंदात हात हलका ठेवावा लागतो.

कोणते मिग?

मिग-२१ हे एकाच साच्याचे विमान नव्हे. आर्त्योम मिकोयान आणि मिखाईल गुरेविच यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोव्हिएत संस्थेने १९५०च्या दशकात त्याचा आराखडा केला आणि पुढे त्यात वेळोवेळी सुधारणा होत गेल्या. भारताकडे आलेल्या पहिल्या विमानांचे नाक निमुळते होते आणि वेग मोजणारी लांब नळी नाकाच्या खालच्या बाजूस होती. त्यानंतरच्या एफएल या प्रकारात नाक रुंद झाले आणि नळी वर गेली. एम प्रकारात वैमानिकाच्या मागची पाठ फुगीर झाली आणि पोटात तोफ बसली. शेवटच्या बिस प्रकारात पाठ आणखी भरली. सुमारे सव्वाशे बिस विमानांचे पुढे नूतनीकरण होऊन ती 'बायसन' या नावाने ओळखली गेली.

तेव्हा संच घेण्यापूर्वी आपल्याला कोणत्या वर्षीचे विमान करायचे आहे, हे ठरवावे. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटे डागणारे विमान करायचे असेल, तर बायसनचा संच घेऊन चालणार नाही. रंगाचेही तसेच. एफएल विमाने मुळात उघड्या धातूच्या चंदेरी रंगाची होती. युद्धाच्या वेळी त्यांतील काहींवर तळावरच घाईघाईने गडद छद्मरंग चढवले गेले. बायसन करड्या रंगाची होती. शक्य तितकी छायाचित्रे जमवावीत आणि एका विशिष्ट विमानाचे चित्र समोर ठेवूनच काम करावे. आम्ही एफएल निवडले. कारण आमच्या गावाशी त्याचा संबंध आहे.

परवान्याखाली मिग-२१ भारतात बांधायचे ठरल्यावर विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. १९६४ साली हे सर्व कारखाने हिंदुस्तान एरोनॉटिक्स या संस्थेच्या छत्राखाली आले. संरक्षणमंत्री तेव्हा यशवंतराव चव्हाण होते. सुरुवातीस परदेशातून आलेले भाग येथे जोडले जात. १९७० साली कच्च्या मालापासून येथेच घडवलेले पहिले एफएल वायुसेनेला मिळाले. वायुसेनेच्या आठशेहून अधिक मिग-२१ विमानांपैकी सुमारे सहाशे भारतात तयार झाली. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे एक वृद्ध गृहस्थ ओझरच्या कारखान्यात जोडणी विभागात होते. आमची मुलगी त्यांना आजोबाच म्हणते. त्यांची या कामात पुढे मोठीच मदत झाली.

जोडणी

खोक्यात निरनिराळे भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटून येतात. ते पिरगळून तोडू नयेत. लहान कटरने चौकटीपासून थोडे लांब कापावेत, उरलेला खुंट धारदार पात्याने काढावा आणि बारीक पॉलिश पेपरने घासून सपाट करावा. प्रत्येक भाग चिकटवण्यापूर्वी एकदा कोरडाच बसवून पाहावा. या एका सवयीने निम्म्या चुका टळतात.

या प्लॅस्टिकला पॉलिस्टायरीन म्हणतात. थर्माकोल हे त्याचेच फुगवलेले रूप. संचासाठी मिळणारे द्रव सिमेंट थर्माकोलच्या तुकड्यावर एक थेंब टाकून पाहा: क्षणात भोक पडते. येथे डिंकासारखी चिकटण्याची क्रिया होत नाही. द्रावक दोन्ही कडा विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की दोहोंचा एक तुकडा होतो. दोन भाग जुळवून धरावेत आणि शिवणीवर कुंचल्याचे टोक नुसते टेकवावे. केशाकर्षणाने द्रव आपोआप फटीतून धावत जातो. या द्रवाची वाफ अपायकारक असून ती सहज पेट घेते. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळ गॅस, समई वा उदबत्ती पेटलेली नसावी आणि पात्याचे काम लहान मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

प्रथम वैमानिकाची बैठक तयार होते. ती नखाएवढी असते. तिच्यातली आसंदी, दांडा आणि उपकरणांची पाटी हे भाग चिमट्यानेच धरावे लागतात. ही बैठक देहाच्या दोन अर्ध्या भागांत बंद करण्यापूर्वी आणखी एक काम असते. मिग-२१चे पंख मागे असल्यामुळे प्रतिकृतीचे वजन शेपटीकडे जाते आणि चाकांवर उभी केली की ती मागे बसते. म्हणून नाकात भार घालावा लागतो. आम्ही सायकलच्या दुकानातून छर्रे आणले आणि ते नाकातल्या शंकूत व बैठकीखालच्या पोकळीत चिकटवले.

त्या शंकूबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या या विमानाच्या नाकाशी हवा जशीच्या तशी इंजिनात शिरू दिली तर इंजिन चालणार नाही; इंजिनाला ध्वनीहून कमी वेगाची हवा लागते. पुढे आलेला टोकदार शंकू हवेत तिरक्या आघातलहरी निर्माण करतो आणि त्या ओलांडताना हवेचा वेग टप्प्याटप्प्याने उतरतो. विमानाच्या वेगाप्रमाणे हा शंकू पुढे-मागे सरकतो आणि एफएलमध्ये त्याच्याच पोटात रडार बसवलेले असते. आमच्या मुलीला आधी ती नुसती शोभेची टोपी वाटली होती.

दीड मिलिमीटर

चौथ्या रविवारी पंख बसले. त्रिकोणी, तीक्ष्ण कडांचे ते पंख लागताच एवढा वेळ चिरुटासारखा दिसणारा तुकडा एकदम विमान झाला. मुलगी धावत जाऊन आजोबांना बोलावून आली. त्यांनी चष्मा लावला, प्रतिकृती डोळ्यांच्या रेषेत धरली आणि समोरून बराच वेळ पाहिली.

"बाळ, पंख वर गेलेत," ते म्हणाले.

मिग-२१चे पंख देहापासून सरळ आडवे निघत नाहीत. ते टोकाकडे दोन अंशांनी खाली उतरतात. प्रतिकृतीत हा उतार टोकाशी सुमारे दीड मिलिमीटरचा होतो. संचातल्या खाचा किंचित सैल होत्या आणि चिकटवताना आम्ही विमान पालथे ठेवले होते. त्यामुळे पंख खाली झुकण्याऐवजी थोडे वरच उचलले गेले होते. खरे सांगायचे तर आजोबांनी दाखवेपर्यंत आमच्यापैकी कोणालाही ते दिसले नव्हते. आणि एकदा दिसल्यावर दुसरे काही दिसेना.

मुलीचे डोळे भरून आले. जोड काढायचा म्हणजे प्लॅस्टिक कापायचे, आणि कापताना पंख मोडण्याची भीती होती. "कोणाला कळणार आहे?" असे आम्हीच तिला म्हटले. आजोबा काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर त्यांनी कारखान्यातली एक गोष्ट सांगितली.

"विमान जोडून झाले की आम्ही ते समपातळीत उचलून धरायचो. अंगावर ठरलेल्या खुणा असत. त्यांची उंची एकेक करून मोजायची आणि तक्त्यात लिहायची. डावा पंख, उजवा पंख, शेपटी. आकडा मर्यादेत असला तरच सही. माझ्या सहीनंतर तपासनिसाची सही. त्या तक्त्यावर वैमानिकाचे नाव नसे. कोण बसणार, ते आम्हाला ठाऊकच नसे. पण सही करताना हात थांबायचा. दूरचित्रवाणीवर परवा ती शेवटची विमाने उतरली ना, तेव्हाही मी पंखच पाहत होतो."

या शब्दांना किती वजन आहे, हे पुढील आकड्यांवरून समजेल. २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, वायुसेनेने घेतलेल्या सर्व प्रकारच्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने तोवर अपघातांत नष्ट झाली होती. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले होते. मानवी चुका आणि तांत्रिक दोष, अशी दोन्ही कारणे त्यांत होती. याच विमानांनी युद्धात देशाचे रक्षण केले, अनेक पिढ्यांच्या वैमानिकांना ध्वनीपलीकडचा वेग शिकवला आणि भारतीय कारागिरांना जेट विमान बांधण्याचा मोठा अनुभव दिला, हेही तितकेच खरे. मिग-२१ची प्रतिकृती करणाऱ्याने या दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात, असे आम्हाला वाटते. नुसता अभिमान सांगितला तर त्या बैठकीत बसणारा माणूस नजरेआड होतो.

संध्याकाळी मुलीने आपण होऊन पातळ करवत मागितली. आजोबांनी प्रतिकृती धरली आणि तिने शिवणीवरून दोन्ही पंख हळूहळू कापून काढले. डाव्या पंखाचा एक कोपरा तुटला. तो लांबी भरून पुन्हा घडवावा लागला. मग पुठ्ठ्याला दोन अंशांचा उतार देऊन एक साचा कापला, त्यावर पंख टेकवून चिकटवले आणि रात्रभर कोणी हात लावला नाही.

रंग आणि चिन्हे

जोड बुजवण्यासाठी लांबी भरावी, वाळल्यावर ओल्या पॉलिश पेपरने घासावे आणि बोट फिरवून पाहावे. डोळ्यांना न दिसलेली फट बोटाला लागते. चंदेरी रंगाखाली बारीकसा ओरखडाही उठून दिसतो. नवशिक्याने म्हणूनच छद्मरंगाचे विमान निवडलेले बरे; आम्ही चंदेरी निवडून आपले काम वाढवून घेतले. रंग पातळ करून दोन-तीन हातांत द्यावा आणि फवारा वापरत असाल तर तोंडाला योग्य मास्क बांधावा. बैठकीवरचे पारदर्शक आवरण चिकटवायला संचाचे सिमेंट वापरू नये, ते धुरकट होते. सुतारकामाचा पांढरा फेव्हिकॉल त्यासाठी उत्तम.

शेवटी वायुसेनेची चिन्हे येतात: बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे असे वर्तुळ, शेपटीवरचा तिरंगी पट्टा आणि 'सी' अक्षराने सुरू होणारा क्रमांक. ही चित्रे पाण्यात भिजवली की कागदावरून सुटतात आणि विमानावर सरकवता येतात. खडबडीत पृष्ठभागावर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात; म्हणून आधी चकचकीत वार्निशचा हात द्यावा. कोणते चिन्ह कोठे, हे स्मरणावर न सोडता छायाचित्र पाहूनच ठरवावे.

परदेशी संच महाग वाटत असेल, तर त्यावाचून अडण्याचे कारण नाही. जाड पुठ्ठा, फुटपट्टी, विमानाचा तीन बाजूंचा आराखडा आणि भागाकार एवढ्या सामग्रीवरही प्रमाणशीर प्रतिकृती होते. मोजण्याची सवय दोन्हींत सारखीच लागते.

आपल्या भाषेत 'प्रमाण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: माप आणि पुरावा. या दोन महिन्यांत ते दोन्ही आमच्या टेबलावर एकत्र नांदले.

विमान पूर्ण झाले त्या दिवशी मुलीने वहीतल्या कागदावर एक तक्ता आखला. लांबी, विस्तार, डाव्या टोकाचा उतार, उजव्या टोकाचा उतार आणि वजन. प्रत्येक आकडा तिने स्वतः मोजून लिहिला. उजव्या टोकाचा उतार दीड मिलिमीटर भरला, डाव्याचा सव्वा. तिने सव्वाच लिहिला. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद घेऊन ती वरच्या मजल्यावर गेली. आजोबांनी फुटपट्टी मागितली, दोन्ही टोके पुन्हा मोजली आणि तपासनिसाच्या जागी सही केली. तो कागद घडी करून प्रतिकृतीच्या लाकडी बैठकीखाली ठेवला आहे.